माठ गॅलरीत गेला

९ जानेवारी १९६४, इंदूर

आज मला खुर्चीत बसवून वर चढवलं. बढती नव्हे, जिना.

डॉक्टर हरीभाऊंकडून टांग्याने परतलो आणि जिन्याच्या मध्यावर श्वास संपला. रेशनच्या दुकानात साखर संपते तसा. पोती दिसतात, मालक दिसतो, पण आपल्याला मिळत नाही. तोंड उघडं, डोळे उघडे आणि आत काहीच जात नाही. कुणीतरी डोकं पाण्यात दाबून धरावं आणि पाणी मात्र कुठेच नसावं, असं ते असतं. खालच्या मजल्यावरचे कापडवाले शेटजी आणि त्यांचे मुनीम धावत आले. "बैठो भिया, आप तो बस बैठो!" म्हणत त्यांनी मला लाकडी खुर्चीत कोंबलं आणि उचललं. माणसाला असं उचलून नेण्याचे प्रसंग दोनच, एक पाळण्यातला आणि एक शेवटचा. मधला हा तिसरा कुणी घुसडला?

ही वही आजपासून. बोलायला दम लागतो, लिहायला लागत नाही.

एक लिहून ठेवतो. पुढच्या वेळी हा जिना मी स्वतःच्या पायांनी उतरेन, नाहीतर चौघांच्या खांद्यांवरून. यातलं काय होणार याची पैज लावायला माझी छाती नाही. छाती नाही म्हणूनच तर हे सगळं.

१३ जानेवारी

हरीभाऊंचा हुकूम: संपूर्ण विश्रांती. फुप्फुसं जुनी झाली, फुगली, नळ्या सुजल्या. आता जेवढा श्वास शिल्लक आहे तो पुरवून वापरायचा. उठायचं नाही, वाकायचं नाही, जिन्याचं नावही काढायचं नाही.

फुप्फुसं कुठे खर्च झाली ते मला माहीत आहे. मिलच्या कापूस-खात्यात मी आणि बाबूरावांनी समोरासमोरच्या टेबलांवर बसून केस पांढरे होईतो गठाणींच्या नोंदी केल्या. मध्ये कापसाची धूळ अशी असायची की एकमेकांचे चेहरे दिवाळीच्या सुट्टीतच नीट दिसत. वर दोघांच्या विड्या. बाबूराव महूचे, वडील पलटणीत सुभेदार. हे स्वतः तरुणपणी हॉकीत असे पळायचे की गोरे सोल्जरसुद्धा टाळ्या वाजवायचे म्हणे. आता दोघेही रजेवर, दोघांचे डॉक्टर एक, औषध एक, हुकूमही एक. ते पुलापलीकडे त्यांच्या खाटेवर आणि मी इकडे कृष्णपुऱ्यात माझ्या पलंगावर.

आमच्या घराण्यात आजाराचाही एक मान असतो. आजोबा होळकरांच्या पागेत होते. ते आजारी पडले तेव्हा पाण्याचा पेलासुद्धा दुसऱ्याने ओठांना लावायचा अशी रीत होती. पागा गेली, घोडे गेले, रीत राहिली. माझ्या बायकोने, इंदिरेने, उशाशी माठ ठेवलाय, पायाशी थुंकायला तस्त ठेवलंय आणि हातात देवघरातली घंटा दिलीय. वाजवली की ती येते. देवालाही इतकी तत्पर सेवा मिळत नाही.

आजोबांचे व्यायामाचे लाकडी मुद्गल दाराला अडसर म्हणून पडून आहेत. ते दोन हातांत दोन फिरवत. मी आज त्यांच्याकडे नुसतं बघूनच दमलो.

२६ जानेवारी

रस्त्यावर शाळेच्या पोरांचा बँड गेला. खिडकीपर्यंत गेलो नाही. घंटा वाजवली. इंदिरेने बँड बघितला आणि मला सांगितलं.

न्हाणीपर्यंत जाताना गुडघे थरथरतात. महिन्याभरापूर्वी थरथरत नव्हते. म्हणजे रोग छातीतून खाली उतरतोय. त्याला जिना जमतो.

३ फेब्रुवारी

हरीभाऊ मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेलेत. दवाखाना त्यांची पुतणी बघते. डॉक्टर सुमेधा. विलायतेत छातीच्या इस्पितळात काम करून आली आहे. आज ती घरी आली. वय माझ्या कोटाएवढं.

छाती ऐकली, पाठीवर बोटांनी ठोकलं. मग म्हणाली, "हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा."

उठता आलं नाही. तिने धोतरावरूनच माझी मांडी दाबून पाहिली, मंडईत दुधीभोपळा बघतात तशी. मला लाजही वाटली आणि रागही आला.

"फुप्फुसं तुमची खराब आहेत, काका. ती परत पहिल्यासारखी होणार नाहीत. पण हे पाय कुणी नेले?"

"इंदूरची राजधानी भोपाळला गेली, तिच्याबरोबर गेले," मी म्हणालो.

ती हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "उठायला-बसायला लागा. चाला. थोडं थोडं उचला. जिना चढा. स्नायू बळकट असले की तेवढ्याच श्वासात माणूस जास्त लांब जातो."

"मरेन मी."

"दम लागेल. दम लागणं म्हणजे मरणं नव्हे. दम लागला की थांबायचं आणि चहाच्या बशीवर फुंकर घालतो तशी हळूहळू हवा सोडायची."

"बाईसाहेब, हे तुम्ही तुमच्या श्वासाने बोलताय."

 तिने इंदिरेला गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं. खिडकीच्या काचेतून मला दोघी दिसत होत्या. डॉक्टरीण बराच वेळ बोलत होती. इंदिरा मान हलवत होती. आधी नाही नाही, मग हो. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

आत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. औषध तेच."

पंचवीस वर्षांच्या संसारात ही बाई मला एकदाही नीट खोटं बोलू शकलेली नाही. आजही नाही.

४ फेब्रुवारी

रात्री झोप नाही. तर ते ठरलं. मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

६ फेब्रुवारी

माठ उशाशी नाही. माठ गॅलरीत गेला.

"उशाशी पाणी सांडतं, फरशी ओली राहते," म्हणाली. घंटा वाजवली. आली नाही. पुन्हा वाजवली. स्वयंपाकघरातून आवाज, "हात कणकेत आहेत!" इतकी कणीक आम्ही दोघं खातो कधी?

शेवटी तहान लागून उठलो. भिंत धरून गेलो. गॅलरीच्या दारात दम असा दाटला की डोळ्यांपुढे काजवे. बशीवरची फुंकर घातली, केवळ त्या पोरीचा खोटेपणा सिद्ध करण्यासाठी. काजवे हळूहळू विझले. पाणी प्यालो.

परत वळताना पाहिलं, स्वयंपाकघराच्या पडद्याखाली इंदिरेच्या पायाची बोटं दिसत होती. कणीक तिथे मळतात होय? उभी राहून बघत होती. मी पडतो की नाही, ते.

११ फेब्रुवारी

मला समजलंय. तिला सांगितलं गेलंय की मी जाणार, आणि ती आतापासून हात सोडवून घेतेय. मी नसलो तर कसं वाटेल याची रंगीत तालीम. मनुष्य फार व्यवहारी प्राणी आहे आणि बायको त्याहून.

पुरावे: पानाचा डबा कपाटावर गेला. वर्तमानपत्र दाराशीच पडून राहतं. तेल लावून पाय चेपणं बंद. आज तिने माझ्या दोन्ही हातांत भरलेले तांबे दिले आणि "जरा धरा, मी जागा करते" म्हणून जी गेली ती गेली. देवळाबाहेरच्या द्वारपालासारखा मी उभा. हात भरून आले, ठेवायला जागा नाही. ओरडायला दम नाही. आली तेव्हा तांबे घेताना तिची नजर माझ्या दंडांवर होती. बहुतेक माझे कपडे कुणाला येतील ते पाहत असावी.

घंटा देवघरात परत गेली आहे. "देवाला हवी," म्हणते.

१७ फेब्रुवारी

द्वारकाआक्का देवासहून आल्या. माझी थोरली बहीण. आल्या आल्या त्यांनी परिस्थिती पाहिली आणि पदर खोचला.

"इंदिरा! माझा भाऊ पाण्यासाठी गॅलरीत जातो? आमच्या वडिलांनी कधी स्वतःच्या हाताने चप्पल सरळ केली नाही!"

"हो आक्कासाहेब," इंदिरा म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

माठ उशाशी आला. घंटा आली. आक्का घास भरवतात, पाय चेपतात, हाताला धरून नेतात. मी राजा. डोळ्यांत पाणी आलं. अखेरीस रक्त ते रक्त.

इंदिरा दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मला वाटतं, तिला लाज वाटली असावी.

२६ फेब्रुवारी

आक्का आज सकाळी गेल्या. त्यांना निरोप द्यायला दारापर्यंत जावं म्हणून उठलो आणि जमलं नाही. पलंगाच्या कडेलाच पुन्हा बसलो. पाय म्हणजे भिजलेली दोरी. आक्का येण्याआधी मी गॅलरीपर्यंत जात होतो. रोग अचानक झेपावलाय. आठवड्याच्या सुखाचं एवढं मोल?

संध्याकाळी भीती अशी आली की मी भिंतीवरच्या चुन्याचे पोपडे बघत पडून राहिलो. मरणाची भीती वाटते असं लोक म्हणतात. मला मरणाची नाही वाटत. मला त्याच्या आधीच्या त्या मिनिटाची वाटते, ज्यात तोंड उघडं असेल आणि आत काही जाणार नाही. ते मिनिट मी जिन्यावर चाखलंय. त्याची चव लोखंडासारखी असते.

इंदिरा आली, माठ उचलला आणि गॅलरीत घेऊन गेली. मी तिला म्हटलं, "तुला एवढीच घाई आहे का?"

ती जागच्या जागी थांबली. पाठ माझ्याकडे. मग म्हणाली, "हो. घाई आहे." आणि गेली.

५ मार्च

इंदूरमध्ये माणूस मरायला टेकला तरी शेव लागतेच. इंदिरेने पीठ भिजवलं आणि सोऱ्या माझ्यापुढे ठेवला. "माझं मनगट दुखतंय. तुम्ही दाबा."

"मी? मिलचा हेडक्लार्क? पागेवाल्यांचा नातू?"

"पागेवाल्यांना शेव आवडत नसे का?"

मी दाबली. पहिला घाणा दाबतानाच श्वास उडाला. फुंकर घालत बसलो. दुसरा घाणा. कढईसमोर बसून ती शेव उलटत होती, आणि तिचं दुखरं मनगट झारा मात्र झकास फिरवत होतं.  जाणाऱ्या माणसाने बारीकसारीक भांडणं काढू नयेत.

शेव मात्र चांगली झाली. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊच्या दुकानांतही इतकी बरी मिळत नाही.

१२ मार्च

माझी शाल गच्चीवर वाळत घातली आणि "वारा सुटलाय, उडेल" म्हणून मलाच पाठवलं. गच्ची म्हणजे वर जाणारा जिना.  "शाल उडू दे," मी म्हणालो. "आईंनी विणलेली आहे," ती म्हणाली. माझ्या आईचं नाव घेऊन मला मारणं हे तिलाच सुचू शकतं.

एक पायरी. फुंकर. दुसरी. फुंकर. कठडा घामाने ओला झाला. मध्ये एकदा तो डोकं दाबणारा हात मानेवर आला. मी थांबलो आणि डोळे मिटून त्याला सांगितलं, बाबा रे, बशीतला चहा निवू दे, मग ने. तो गेला. का गेला ते कळलं नाही.

इंदिरा माझ्या मागे होती. पुढे नाही, बरोबरही नाही. एका पायरीने मागे, अगदी पाठीला लागून. काशीला निघालेल्याला पोचवायला लोक जातात तशी. माझा चेहरा तिला बघवत नसणार.

शाल घेतली. गच्चीवरून पूल दिसला, होळकरांच्या समाध्यांवरच्या छत्र्या दिसल्या, नदी दिसली. नदीला पाणी फारसं नव्हतं. तरी बरं वाटलं.

१९ मार्च

दारातले मुद्गल वाऱ्याने सरकतात म्हणे. रोज सकाळी मी ते भिंतीशी लावायचे आणि संध्याकाळी परत दारात. असा वारा इंदुरात आजवर कुणी पाहिलेला नाही.

आज ते लावून झाल्यावर लक्षात आलं की मी शीळ घालत होतो. लगेच थांबलो. उगाच कुणाची गैरसमजूत नको.

२४ मार्च

कांतावहिनी आल्या, बाबूरावांच्या पत्नी. दारातच रडू लागल्या.

"भाऊजी, हे आता उठून बसतसुद्धा नाहीत. मी सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसंच केलं. खाटेवरून पाय खाली टेकू दिला नाही. घास भरवते, अंग पुसते, कूस मी वळवते. तरी दिवसेंदिवस…"

"नव्या डॉक्टरीणबाई आल्या नव्हत्या का?" इंदिरेने विचारलं.

"आल्या होत्या. म्हणाल्या, चालवा. मी दारातूनच वाटेला लावलं. ज्याला श्वास नाही त्याला चालवा? हरीभाऊ आमचे देव आहेत. त्यांचा शब्द मी मोडणार नाही." मग माझ्याकडे बघून त्या एकदम थांबल्या. मी त्यांच्यासाठी खुर्ची उचलून आणत होतो. "भाऊजी, तुम्हाला कोणतं औषध दिलंय?"

"औषध तेच," इंदिरा म्हणाली.

हे शब्द मी आधी ऐकले होते. या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

वहिनी गेल्यावर मी म्हणालो, "मला बाबूरावांना बघायचंय."

"जिना आहे," ती म्हणाली. नेहमीचा करडा सूर नव्हता. आवाज जरासा फाटला.

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

२५ मार्च

आज सगळं लिहिणार आहे.

जिना उतरलो. इंदिरा पुढे, उलट्या पावलांनी, तोंड माझ्याकडे. खाली शेटजी गादीवरून उठले. "अरे भिया! चलते-फिरते?" मी मान हलवली. बोलण्यात श्वास घालवायला मी काय आमदार आहे?

टांगा केला. पुलाच्या अलीकडेच इंदिरेने तो थांबवला, भाडं दिलं आणि सोडून दिला.  छत्र्यांच्या पायरीवर बसून थोडा दम खाल्ला, होळकरांच्या सावलीत. नोकरी आजोबांनी केली, विसावा नातवाला मिळाला. मग पूल ओलांडला.

बाबूराव भिंतीकडे डोकं करून पडले होते. कांतावहिनी चमच्याने पेज भरवत होत्या. आम्ही समोरासमोर बसलो, पुन्हा एकदा, आणि काही वेळ नुसते श्वास घेत राहिलो. त्यांचा श्वास माझ्यासारखाच. तीच शिट्टी, तीच खरखर, तोच मध्ये अडकणारा सूर. कापूस एकच होता ना. माझ्याहून वाईट मुळीच नाही.

मग पांघरूण सरकलं आणि त्यांचे पाय दिसले.

पोटऱ्या राहिल्याच नव्हत्या. हाडाला कातडं गुंडाळलेलं. ज्या पायांमागे पलटणी धावायच्या ते पाय उशीवर दोन फुंकण्यांसारखे ठेवले होते. कुणी मारलं नव्हतं त्यांना. प्रेमाने, भक्तीने, चमच्या चमच्याने हे झालं होतं.

मला फेब्रुवारीतला आक्कांचा आठवडा आठवला. घंटा आठवली. मी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबून पाहिलं, त्या पोरीने दाबलं होतं तसं. हाताखाली काहीतरी होतं.

बाबूराव म्हणाले, "पाणी."

तांब्या उशाशी होता. वहिनींचा हात पुढे झाला, पण त्याआधी मी तो उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. खोलीच्या त्या टोकाला.

"भाऊजी! हे काय? त्यांना हलायची मनाई आहे!"

"उठा, बाबूराव."

"जयसिंगराव, थट्टा करू नका. मी मरेन."

"दम लागेल," मी म्हणालो. तोंडातून दुसऱ्याच कुणाचं वाक्य निघावं तसं ते निघालं. आणि त्याच क्षणी मला जी भीती वाटली ती खुर्चीतही वाटली नव्हती. मी खरंच त्यांना मारत असलो तर? तोंड उघडं, आत काही नाही आणि तांब्या माझ्या हाताने लांब ठेवलेला. परत आणून द्यावा म्हणून पाय वळलेसुद्धा होते. स्वतःच्या माणसाला तहानेलं बघत उभं राहणं हे काय असतं, ते मला तेव्हा कळलं. पडद्याआड उभं राहणं काय असतं, ते.

कांतावहिनी माझ्याकडे बघत होत्या. ती नजर मी ओळखली. हे दोन महिने मी तीच नजर घेऊन हिंडत होतो.

"तुम्ही माझे दुश्मन आहात काय?" बाबूराव म्हणाले.

"हो. पाणी प्या आणि मग शिव्या द्या. कोरड्या घशाने शिवीला जोर येत नाही."

त्यांनी पाय खाली सोडले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला इंदिरा. उठले, बसले. "फुंकर," मी म्हणालो, "बशीवर घालता तशी." घातली. परत उठले. उभे राहिले, माझा खांदा धरून, वाकडे, थरथरत, पण उभे. खिडकी गाठणं त्यांना शक्यच नव्हतं. इंदिरेने हळूच तांब्या उचलला आणि अर्ध्या वाटेवर, स्टुलावर आणून ठेवला. पूर्ण जवळ नाही. तिला हे अंतर बरोबर कळतं.

बाबूराव उभ्याने पाणी प्याले. मग मला जी शिवी दिली ती पलटणीतली होती, वहीत लिहिण्यासारखी नाही. कांतावहिनींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत, ठरवता आलं नाही. मी आता बायकांच्या पदराबद्दल अंदाज बांधणं सोडलंय.

उद्या डॉक्टर सुमेधा तिकडे जाईल. वहिनी दार उघडणार आहेत.

परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. जिन्याखाली उभा राहिलो. मग चढू लागलो, आणि इंदिरा माझ्या मागून, एका पायरीने खाली, पाठीला लागून. मी मध्यावर थांबलो, त्याच जागी. फुंकर घालत खाली बघितलं. जिना उभा. माझा तोल गेला तर मागे पडेन, आणि मागे ती आहे, माझ्या निम्म्या वजनाची, दोन्ही हात किंचित पुढे धरून. उतरताना ती पुढे होती. चढताना मागे. गच्चीवर जातानाही. पडण्याची बाजू जी असेल, ती तिची.

"अगं," मी म्हणालो, "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही विनोद केला असता आणि बसून राहिला असता."

"आणि मी पडलो असतो तर?"

"चला वर," ती म्हणाली. "मला भीती वाटते इथे थांबलं की."

मी चढलो.